"दिवस गेलेत" हे हातांनी कसं सांगायचं?



मराठी घरात काही वाक्यं कुणी समजावून सांगावी लागत नाहीत. "सूनबाईला दिवस गेलेत" हे त्यातलंच एक. ते कानावर पडलं की शेंबडं पोरसुद्धा ओळखतं, आता घरात पाळणा हलणार. आणि "पाळणा हलणार" तरी कुठं सरळ वाक्य आहे? पाळणा तर अजून माळ्यावरून खालीही आलेला नसतो!

आता समजा, ही सूनबाई जन्मापासून बधिर आहे. ती सांकेतिक भाषेत, म्हणजे साइन लँग्वेजमध्ये बोलते. डॉक्टरांच्या केबिनमध्ये तिच्यासोबत सासूबाई आहेत आणि एक दुभाषी ताई आहे. रिपोर्ट बघून सासूबाई आनंदानं म्हणतात, "अगं, दिवस गेलेत तुला!"

दुभाषी ताईनं आधी 'दिवस'ची खूण केली, मग 'जाणे'ची केली, तर सुनेला काय कळेल? दिवस संपला? यायला उशीर झाला? सासूबाई हसताहेत आणि सून गोंधळून त्यांच्याकडे बघतेय, असं होईल. शब्द दोन्ही बरोबर, पण बातमी पोहोचलीच नाही.

चांगली दुभाषी असं करणार नाही. ती सरळ 'गरोदर'ची खूण करेल आणि सासूबाईंच्या आवाजातला आनंद स्वतःच्या चेहऱ्यावर आणेल. सांकेतिक भाषेत चेहरा हा बोलण्याचाच भाग असतो. बातमी कोरड्या चेहऱ्यानं दिली, तर ती अर्धीच पोहोचते.

आज या सदरात आपण ह्याच कामाबद्दल बोलू. वाक्प्रचार, आडवळणाची बोलणी, मानाची आणि सलगीची भाषा हे सगळं आवाजातून हातात आणि हातातून आवाजात नेताना काय काय होतं? आणि ते चुकलं, तर किंमत कोण मोजतं?

आधी दोन गैरसमज दूर करू

पहिला गैरसमज असा की सांकेतिक भाषा म्हणजे मराठी किंवा हिंदी शब्दांना लावलेले हातवारे. तसं नाही. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र भाषा आहे आणि तिला स्वतःचं व्याकरण आहे. मराठीत आपण विचारतो, "तू कुठं राहतोस?" सांकेतिक भाषेत प्रश्नाची खूण साधारणपणे शेवटी येते. म्हणजे 'तू', 'राहणे', 'कुठे' असा क्रम लागतो आणि प्रश्न विचारताना चेहराही बदलतो. नकारही बहुतेक वेळा शेवटी येतो.

दुसरा गैरसमज असा की जगभरातले बधिर लोक एकच भाषा बोलतात. तेही खरं नाही. अमेरिकेची वेगळी, ब्रिटनची वेगळी, आपली वेगळी. इंग्रजी अक्षरं बोटांनी दाखवायची झाली तर अमेरिकेत एका हातानं दाखवतात, आपल्याकडे दोन्ही हात लागतात. भारतातसुद्धा गावोगावी काही खुणा बदलतात, जशी आपली मराठी बदलते. पण काही खुणा इथल्या मातीतूनच आल्या आहेत. 'बाई'साठी नाकावरच्या चमकीची जागा दाखवतात आणि 'पुरुष' म्हणताना मिशी. ही खूण पाहिली की आपल्याला हसू येतं, कारण ती एकदम ओळखीची वाटते.

2011च्या जनगणनेत आपल्या देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेले सुमारे 50 लाख लोक नोंदले गेले. 2015 साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. या केंद्रानं 2018 मध्ये 3,000 शब्दांचा कोश काढला आणि 2021 पर्यंत तो 10,000 शब्दांवर नेला. रोजच्या शब्दांसोबत कायद्याचे, वैद्यकीय आणि शाळेतले शब्दही त्यात आहेत.

कोश हवाच. पण कोशात 'दिवस' सापडेल आणि 'जाणे' सापडेल. "दिवस गेलेत" म्हणजे काय, हे ओळखायला माणूसच लागतो.

एकच गोष्ट, पाच सूर

बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, तेव्हा भाषाशास्त्राच्या तासाला 'रजिस्टर' हा शब्द भेटला. मला वाटलं, हजेरीचं असणार! पण भाषेतलं रजिस्टर म्हणजे बोलण्याचा थाट. कुणाशी, कुठं आणि कशासाठी बोलतोय, त्याप्रमाणे आपण भाषा बदलतो.

मार्टिन जूस नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं 1960च्या दशकाच्या सुरुवातीला असे पाच थाट सांगितले. दुभाष्यांना शिकवताना आजही ते वापरतात. आपल्या घरातली उदाहरणं घेऊन बघू.

पहिला थाट गोठलेल्या भाषेचा. राष्ट्रगीत, शाळेतली प्रतिज्ञा, लग्नातली मंगलाष्टकं. इथला शब्द कुणी बदलत नाही.

दुसरा औपचारिक. व्यासपीठावरचं भाषण किंवा कोर्टातला युक्तिवाद. "मान्यवरांनी कृपया आसनस्थ व्हावे."

तिसरा सल्लामसलतीचा. डॉक्टर आणि पेशंट, शिक्षक आणि पालक, बँकेतला साहेब आणि ग्राहक. "बसा ना. काय त्रास होतोय?"

चौथा मोकळा, कट्ट्यावरचा. "बस रे, कुठं चाललास लगेच?"

पाचवा अगदी जवळच्या माणसांचा. आजोबा नुसतं "अगं, ते..." म्हणतात आणि आजी चष्मा आणून देते. बाहेरच्याला एक अक्षर कळत नाही.

सांकेतिक भाषेतही हे सगळे थाट आहेत. मोठ्या सभेत हात मोठे आणि स्वच्छ फिरतात, अंग ताठ असतं, वेग बेताचा असतो. मित्रांच्या घोळक्यात तीच खूण लहान होते. दोन हातांची असली तर कधी एका हातावर भागतं, कारण दुसऱ्या हातात चहाचा कप असतो. आपण "काय म्हणतोस"चं "काय म्हंतोस" करतो, तसंच हे.

गोठलेल्या भाषेचं एक चांगलं उदाहरण आपल्याकडे आहे. ऑगस्ट 2017 मध्ये राष्ट्रगीताचा सांकेतिक भाषेतला व्हिडिओ प्रकाशित झाला. गोविंद निहलानींनी तो दिग्दर्शित केला आणि लाल किल्ल्याच्या पार्श्वभूमीवर मुलांसोबत अमिताभ बच्चन यांनीही हातांनी राष्ट्रगीत सादर केलं. राष्ट्रगीताचं भाषांतर दर 15 ऑगस्टला प्रत्येक दुभाष्यानं आपापल्या मनानं करायचं नसतं. सगळ्यांचे हात एकाच वेळी एकच खूण करतात, तेव्हा बधिर मुलालाही सगळ्यांसोबत राष्ट्रगीत म्हटल्यासारखं वाटतं.

तू, तुम्ही, आपण

मराठीत एक गंमत आहे. समोरच्याला नुसतं बोलावलं तरी नातं कळतं. तू, तुम्ही, आपण. "अहो" की "अरे". सासऱ्यांना "तू" म्हटलं तर घरात काय होईल, ते सांगायला नको!

सांकेतिक भाषेत समोरच्याकडे निर्देश केला की झालं, 'तू' आणि 'तुम्ही' यांसाठी वेगळे शब्द शोधावे लागत नाहीत. मग मान कुठं जातो? तो उभं राहण्यात, चेहऱ्यात, हातांच्या वेगात आणि नेमकेपणात असतो.

दुभाष्याची खरी परीक्षा उलट दिशेनं होते. बधिर माणूस हातांनी बोलतो आणि दुभाषी त्याचा आवाज होतो. तेव्हा "तू" म्हणायचं की "आपण", हे दुभाष्यालाच ठरवावं लागतं.

समजा, एक बधिर तरुण नोकरीच्या मुलाखतीला आलाय. इस्त्रीचा शर्ट, ताठ बसलेला, खुणा स्वच्छ आणि सावकाश. त्याला विचारलं, "तुम्हाला या कामाचा अनुभव आहे का?" त्यानं हातांनी सांगितलं की तीन वर्षं केलंय, मशीन बिघडलं तर दुरुस्तही करता येतं.

दुभाष्यानं ते असं बोलून दाखवलं: "हो, येतं ना त्याला. तीन वर्षं केलंय त्यानं. रिपेर पण करतो."

आता हेच दुसऱ्या पद्धतीनं ऐका: "हो, मला या कामाचा तीन वर्षांचा अनुभव आहे. मशीनची दुरुस्तीही मी स्वतः करतो."

माहिती दोन्हीकडे एकच आहे. पण पहिल्या वेळी मुलाखत घेणाऱ्याला एक साधासुधा, कुणीतरी सोबत आणलेला मुलगा दिसला. दुसऱ्या वेळी अनुभवी कारागीर दिसला. तरुण दोन्ही वेळा सारखाच बोलला होता. नोकरी गेलीच, तर कशामुळे गेली हे त्याला कधीच कळणार नाही, कारण आपला आवाज त्याला ऐकूच आलेला नाही.

म्हणूनच शिकलेला दुभाषी "तो म्हणतोय" असं म्हणत नाही, तो "मी" म्हणतो. बोलणारा तो तरुण असतो आणि दुभाषी फक्त त्याचा आवाज.

अर्थात, याची दुसरी बाजूही आहे. भाषा उगाच सजवायचीही नसते. एखादा बधिर मुलगा कोर्टात लहान मुलाच्या साध्या खुणांनी सांगत असेल आणि दुभाषी ते वकिली मराठीत बोलला, तर न्यायाधीशांना वाटेल, ह्याला कुणीतरी पढवून आणलंय. खरं बोलणाऱ्या मुलावरचा विश्वास उडेल. साधं बोलणं साधंच राहू द्यायचं, शिवी असली तर शिवीच सांगायची. दुभाष्याला कितीही संकोच वाटला, तरी ते शब्द त्याचे नसतात.

"हात वर केले" म्हणजे नक्की काय केलं?

मराठी वाक्प्रचारांत हातापायांची काय रेलचेल आहे! हात वर करणे, हात आखडता घेणे, पाय काढता घेणे, डोळ्यांत धूळ फेकणे, पोटात गोळा येणे. हे शब्दाला शब्द ठेवून खुणांत नेले तर काय होईल, कल्पना करा. "ऐन वेळी भावानं हात वर केले" याचा अर्थ त्यानं जबाबदारी झटकली. दुभाष्यानं खरोखर दोन्ही हात वर केले, तर पोलिसांनी भावाला पकडलं असं वाटेल!

वाक्प्रचार समोर आला की दुभाष्यासमोर साधारण तीन वाटा असतात.

पहिली वाट म्हणजे सरळ अर्थ सांगणं. "हात वर केले" म्हणजे 'मदत, नकार'. दवाखाना, बँक, सरकारी कचेरी इथं बहुतेक वेळा हीच वाट बरी.

दुसरी वाट म्हणजे त्या भाषेतला तसाच दुसरा वाक्प्रचार शोधणं. सांकेतिक भाषांनाही स्वतःचे वाक्प्रचार असतात. अमेरिकन सांकेतिक भाषेतला एक प्रसिद्ध आहे: 'गाडी, गेली, सॉरी'. कुणी मध्येच येऊन विचारतं, "काय झालं, मलाही सांगा की!" तेव्हा गमतीनं असं म्हणतात. म्हणजे बोलणं होऊन गेलं, तुझी संधी हुकली. योगायोग बघा, मराठीत आपणही म्हणतो, "तुझी गाडी सुटली!" असा जोड प्रत्येक वेळी मिळत नाही. मिळाला की दुभाष्याचा दिवस चांगला जातो.

तिसरी वाट म्हणजे शब्दही सांगायचे आणि अर्थही. वर्गात शिक्षिका म्हणीच शिकवत असतील, तर नुसता अर्थ सांगून कसं चालेल? परीक्षेत म्हणच लिहायची आहे. तिथं मुलाला म्हण शब्दशः दाखवायची आणि मग ती कुठं वापरतात तेही सांगायचं. कोर्टातही कधी कधी नेमके शब्द महत्त्वाचे असतात.

कोणती वाट धरायची हे ठरवायला दुभाष्याला मिळतात दोन-तीन सेकंद. कारण बोलणारा थांबत नाही. एक वाक्य हातांतून जात असतं, तेव्हा पुढचं कानात साठत असतं. म्हणूनच मोठ्या कार्यक्रमात दोन दुभाषी असतात आणि साधारण 20 ते 30 मिनिटांनी ते जागा बदलतात. त्यापुढे मेंदू थकतो आणि चुका व्हायला लागतात.

मराठी घर, हिंदी शाळा, आणि मध्ये दुभाषी

तुमच्यापैकी बरेच जण महाराष्ट्राबाहेरून वाचताय. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरू. तिथल्या मराठी घरात बधिर मूल असेल तर गुंता आणखी वाढतो. आजी मराठी बोलते, शाळा हिंदी किंवा इंग्रजी, मूल सांकेतिक भाषेत, आणि जो दुभाषी मिळतो त्याला मराठी येतेच असं नाही.

आता बाबा सांगताहेत, "मी नोकरीचा राजीनामा दिला." मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडली. हिंदीत 'राजीनामा' म्हणजे तडजोड, समझोता. दुभाष्याला मराठी येत नसेल, तर घरी पगार यायचा बंद झालाय, ही गोष्ट मुलापर्यंत पोहोचायच्या ऐवजी भलतंच काहीतरी पोहोचेल. तसंच 'शिक्षा'चं. हिंदीत ती शाळेत मिळते, मराठीत चूक केल्यावर!

म्हणून अशा ठिकाणी दुभाषी ठरवताना एवढंच विचारू नका की "साइन लँग्वेज येते का?" हेही विचारा, "मराठी कितपत कळते?"

जिथं आडवळण महाग पडतं

आपण मराठी माणसं वाईट बातमी सरळ सांगत नाही. "ते आपल्यात राहिले नाहीत." "देवाज्ञा झाली." आयसीयूबाहेर डॉक्टर म्हणतात, "आमचे प्रयत्न चालू आहेत, पण आता सगळं देवाच्या हातात आहे."

ऐकू येणाऱ्या नातेवाइकाला आवाजातूनच कळतं. डॉक्टरांचा सूर उतरलेला असतो, मध्ये ते थांबतात. पण दुभाष्यानं हे कसं सांगायचं? 'देव, हात' अशा खुणा केल्या तर ऐकणाऱ्याला वाटेल, प्रार्थना करायला सांगताहेत. आणि "ते जाणार" असं सांगावं, तर डॉक्टर तसं बोललेलेच नाहीत. दुभाष्यानं स्वतःच्या मनानं निदान करायचं नसतं.

अशा वेळी चांगला दुभाषी डॉक्टरांना थांबवतो आणि म्हणतो, "डॉक्टर, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. पेशंट वाचण्याची शक्यता फारच कमी आहे, असं आपल्याला म्हणायचंय का?" हा उद्धटपणा नाही, हे त्याचं कामच आहे. बाहेर बसलेल्या मुलीला वडिलांजवळ आत जायचं की घरी डबा आणायला जायचं, हे या एका उत्तरावर ठरणार असतं.

दवाखान्यात असे शब्द पावलोपावली भेटतात. "रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय." रोजच्या बोलण्यात पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं. इथं आजार असल्याचं निदान! "पाणी कमी झालंय" असं सोनोग्राफीनंतर डॉक्टर सांगतात, तेव्हा त्यांना बाळाभोवतीचं पाणी म्हणायचं असतं. फक्त 'पाणी, कमी' कळलं, तर बाई घरी जाऊन दोन तांबे पाणी पिईल आणि निश्चिंत झोपेल.

कोर्टातही तेच. "पुढची तारीख पडली." तारीख कुठं पडते? 'जामीन', 'ताबा', 'तहकूब' हे शब्द ऐकू येणाऱ्यांनाही धड कळत नाहीत. बधिर माणसाला ते खुणेनं दाखवून पुरत नाही, उलगडून सांगावे लागतात. म्हणूनच 2013 साली कायद्यात दुरुस्ती झाली. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष घेताना कोर्टानं दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि त्या जबाबाचं व्हिडिओ चित्रण करायचं. नंतर कुणी म्हणालं, "दुभाष्यानं चुकीचं सांगितलं," तर मूळ खुणा पुन्हा पाहता येतात.

सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात बधिर वकील सारा सनी यांनी दुभाष्याच्या मदतीनं कामकाजात भाग घेतला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी त्याला परवानगी दिली होती. आतापर्यंत बधिर माणूस कोर्टात बहुधा साक्षीदार किंवा पक्षकार म्हणून दिसायचा. या वेळी तो वकिलाच्या जागेवर दिसला. आणि तिथं दुभाष्याला वकिली भाषेचा थाट दोन्ही दिशांनी सांभाळावा लागला.

मुलांच्या हातात एवढं ओझं नको

संजय लीला भन्साळींचा 'खामोशी' तुम्ही पाहिला असेल. 1996चा. गोव्यातलं एक कुटुंब. नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास बधिर आई-वडील आणि ऐकू येणारी त्यांची मुलगी ॲनी. आई-बापांचा आवाज तीच. पुढे 'कोडा' हा इंग्रजी सिनेमा आला आणि 2022 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यातही असंच कुटुंब आहे. डॉक्टरसमोर आई-वडिलांच्या अगदी खासगी दुखण्याबद्दल मुलीला बोलावं लागतं. थिएटरात आपण हसतो, पण त्या मुलीची अवस्था काय होत असेल?

आपल्याकडेही हेच चालतं. "त्यांचा मुलगा आहे ना सोबत, तो सांगेल." तो मुलगा असतो दहा वर्षांचा. त्याला 'बायोप्सी' कळत नाही, 'गाठ' कळते. आईला घाबरवायचं नाही म्हणून तो तेही गाळतो. मोठी माणसं सोबत असली तरी तोच प्रकार. नवरा म्हणतो, "काही नाही, गोळ्या घे म्हणताहेत." डॉक्टर दहा मिनिटं बोलले आणि बाईपर्यंत एक वाक्य पोहोचलं. ऑपरेशनच्या कागदावर सही मात्र तिचीच.

घरच्यांचं प्रेम खरं असतं. पण दुभाष्याचं काम प्रेमानं होत नाही, त्याचं शिक्षण लागतं. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. बातमी जशीच्या तशी पोहोचवणं, कुणाची बाजू न घेणं आणि खोलीतलं बोलणं खोलीतच ठेवणं हा त्यातला मोठा धडा असतो.

शिक्षण नसलेला माणूस उभा केला तर काय होतं, ते जगानं 10 डिसेंबर 2013 रोजी पाहिलं. जोहान्सबर्गमध्ये नेल्सन मंडेलांची शोकसभा. बराक ओबामांपासून अनेक देशांचे नेते बोलले आणि शेजारी एक माणूस हात हलवत होता. ऐकू येणाऱ्यांना वाटलं, छान चाललंय. बधिर प्रेक्षक मात्र घरोघरी चक्रावले. त्या खुणांना काही अर्थच नव्हता. ज्यांना सांकेतिक भाषा येत नव्हती, त्यांनी दुभाषी निवडला होता आणि ज्यांच्यासाठी तो होता, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आपण काय करू शकतो?

आपण सगळेच काही दुभाषी होणार नाही. पण ऑफिसात, दवाखान्यात, लग्नघरात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये बधिर माणूस आणि दुभाषी भेटला, तर एवढं नक्की करता येईल:

1. बधिर व्यक्तीकडे बघून बोला, दुभाष्याकडे नको. "त्यांना विचारा, नाव काय" असं म्हणू नका. सरळ "तुमचं नाव काय?" म्हणा.

2. महत्त्वाचं बोलणं सरळ ठेवा. पैसे, आजार, तारखा, सह्या असतील तर वाक्प्रचार आणि आडवळणं बाजूला ठेवा. गप्पांमध्ये मात्र बिनधास्त वापरा. बधिर माणसांना विनोद कळत नाही असं मुळीच नाही, उलट त्यांच्या गप्पांत नकलांची धमाल असते.

3. भाषण किंवा कार्यक्रम असेल तर मजकूर आदल्या दिवशी दुभाष्याला द्या. त्यात म्हणी, कविता, माणसांची नावं असतील तर आवर्जून सांगा.

4. दुभाष्याच्या मागे खिडकीचा झगझगीत उजेड नको, नाहीतर हात आणि चेहरा दोन्ही दिसत नाहीत.

5. "कळलं ना?" विचारू नका. मान सगळेच डोलावतात. "आता गोळ्या कधी घ्यायच्या, सांगा बरं," असं विचारा. उत्तरावरूनच कळतं.

6. 'मुका-बहिरा' हे शब्द सोडा. बधिर किंवा कर्णबधिर म्हणा. त्यांना भाषा आहे, त्यामुळे ते मुके नाहीत. आणि कुणी ऐकलं नाही म्हणून "बहिरा आहेस का?" म्हणायची सवय घरात असेल, तर तीही सोडू या.

7. दुभाषी कसा होता, हे कार्यक्रमानंतर बधिर व्यक्तीलाच विचारा. आपल्याला फक्त हात हलताना दिसतात. बरोबर की चूक, हे तेच सांगू शकतात.

2016चा दिव्यांग हक्क कायदा सांकेतिक भाषेची दखल घेतो. टीव्हीसारख्या माध्यमांत सांकेतिक भाषा असावी, ती जाणणारे शिक्षक तयार व्हावेत, असं तो सांगतो. पण तुमच्या सोसायटीच्या मीटिंगला सरकार येणार नाही. तिथं वरच्या मजल्यावरच्या बधिर काकांना पाणीपट्टी का वाढली हे नीट कळतंय का, की सगळ्यांनी हात वर केला म्हणून त्यांनीही केला, एवढं बघणं आपल्याच हातात आहे.

23 सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिवस. तो येईपर्यंत थांबायचं कारण नाही. या आठवड्यात घरातल्या मुलांसोबत एक खेळ खेळून बघा. एकानं मराठी वाक्प्रचार सांगायचा आणि दुसऱ्यानं तोंडातून शब्द न काढता, फक्त हात आणि चेहरा वापरून त्याचा अर्थ दाखवायचा. शब्द दाखवायचे नाहीत, अर्थ दाखवायचा! "पोटात कावळे ओरडताहेत" दाखवताना कुणी पंख फडफडवले, तर तो बाद.

कोणता वाक्प्रचार सर्वांत अवघड गेला, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या लेखात!